पी.ए. कुठे शिकतो? नाशिकमधून दिसणारा एका पेशाचा इतिहास

तुमचं कधी आमदाराकडे काम पडलंय? पडलं असेल तर एक गोष्ट तुम्हाला सांगायला नको. आमदार भेटायच्या आधी पी.ए. भेटतो. बऱ्याचदा फक्त पी.ए.च भेटतो. दवाखान्याचं बिल, अडकलेला जातीचा दाखला, बदलीचा अर्ज, गावातल्या पुलाची मागणी, सगळं आधी त्याच्या टेबलावर पडतं. तो कागद वाचतो, दोन प्रश्न विचारतो, एक फोन लावतो किंवा लेटरहेडवर पत्र टाइप करतो. तुमचं काम होणार की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

आता मला सांगा, हे काम तो शिकला कुठे?

माझा प्रबंध याच प्रश्नाभोवती आहे. विषय सांगितला की लोक आधी हसतात. "पी.ए.चा कसला इतिहास?" असं म्हणतात आणि मग लगेच स्वतःच एखाद्या पी.ए.चा किस्सा सांगायला लागतात. म्हणजे इतिहास आहे, फक्त तो लिहिण्यासारखा कुणाला वाटत नाही. या पोस्टमध्ये त्याचा एक धागा तुमच्यासमोर ठेवतो: लोकप्रतिनिधीसाठी काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी, कधी आणि कसं शिकवलं.

सुरुवात नाशिकपासून करू, कारण नाशिक हे प्रशिक्षणाचं गाव आहे. १९०९ मध्ये पोलिसांची प्रशिक्षण शाळा पुण्याच्या भांबुर्ड्याहून इथे आली. आज त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे ती हीच. राज्यभरातून निवडलेले उपनिरीक्षक इथे घडतात. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. दिंडोरी रस्त्याला सरकारी अभियंत्यांना शिकवणारी 'मेटा' आहे. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांसाठी 'मित्रा' आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ज्याला कॉलेजात जाता आलं नाही त्याला ते घरबसल्या शिकवतं. फौजदार, तोफखान्याचा अधिकारी, धरणावरचा इंजिनिअर, सगळ्यांसाठी या गावात वर्ग आहेत. याच जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्या १५ कार्यालयांत बसणाऱ्या माणसांसाठी मात्र वर्ग नाही. आणि ही एकट्या नाशिकची गोष्ट नाही. नाशिकमध्ये ती फक्त जास्त उठून दिसते.

आधी शब्दांचा थोडा गुंता सोडवू. मंत्र्याकडे असतात ते खासगी सचिव, विशेष कार्य अधिकारी म्हणजे ओएसडी, आणि स्वीय सहाय्यक. यातले बरेचसे मूळचे सरकारी नोकर असतात. परीक्षा देऊन आलेले, नियम माहीत असलेले, मंत्री गेला तरी नोकरी टिकणारे. आमदार-खासदाराचा पी.ए. ही वेगळी जात. तो बहुतेक वेळा साहेबांचा माणूस असतो. कुणी जुना कार्यकर्ता, कुणी नातेवाईक, कुणी कॉलेजातला मित्र, तर कुणी चांगलं अक्षर आणि बरं इंग्रजी असलेला गावातला पोरगा. साहेब पडले की याचीही नोकरी पडते. बोलताना आपण दोघांनाही 'पी.ए.'च म्हणतो. पण इतिहास दोघांचा वेगळा आहे, आणि माझा रस दुसऱ्यात आहे.

सत्तेजवळ बसून कागद सांभाळणारा माणूस आपल्याकडे नवा नाही. चिटणीस, फडणीस, कारकून हे शब्द आडनावं होऊन बसलेत इतके जुने आहेत. त्यांना शिकवायची सोयही होती. 'मेस्तक' नावाचा एक ग्रंथप्रकार आहे, परंपरेने तो यादवांच्या हेमाद्रीशी जोडला जातो. पत्र कुणाला कसं लिहायचं, मायना काय घालायचा, हिशेब कसा मांडायचा, हे त्यात असे. कारकुनाचं पोर हे पाठ करत मोठं व्हायचं. म्हणजे राजाच्या कारकुनासाठी पाठ्यपुस्तक होतं. पुढे इंग्रजी अमलात सरकारच्या कारकुनासाठी परीक्षा आल्या. मग निवडून आलेल्या माणसाच्या कारकुनासाठी काय?

इथे पुण्याला जावं लागतं. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात गेले. अर्थसंकल्पावरचं त्यांचं पहिलंच भाषण गाजलं. सरकारची शिल्लक ही जनतेच्या सुबत्तेची खूण नाही, कर जास्त घेतल्याची खूण आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. ते आकडे जमवायला मदत केली होती गणेश व्यंकटेश जोशी यांनी. हे जोशी पेशाने हेडमास्तर. सरकारी अहवाल, जमाखर्चाची कोष्टकं, शेतसाऱ्याचे तक्ते, हा त्यांचा छंद म्हणा किंवा व्यसन. पगार नाही, पद नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकात जेमतेम एखादी ओळ. आजच्या भाषेत बोलायचं तर आपल्या लोकप्रतिनिधीचा हा एक पहिला संशोधन सहाय्यक, आणि तो फुकट काम करत होता.

गोखल्यांना यातली अडचण दिसली असावी. असे हेडमास्तर नशिबाने मिळतात, संस्था नशिबावर चालत नाही. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. नवीन सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. त्यातला बराच काळ समाजाच्या वास्तूत राहून अभ्यास करायचा आणि उरलेला काळ देशभर फिरायचं. नाव, जात, पैसा यांवर पाणी सोडायची शपथ घ्यायची. श्रीनिवास शास्त्री, ना. म. जोशी ही माणसं यातून तयार झाली. ना. म. जोशी पुढे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कायदेमंडळात बसले. सार्वजनिक काम हा पेशा आहे आणि त्याला पाच वर्षांचं शिक्षण लागतं, असं आपल्याकडे कुणीतरी १९०५ मध्येच म्हटलं होतं, हे जरा लक्षात ठेवा. त्याची अट मात्र कडक होती. त्यासाठी जवळजवळ संन्यास घ्यावा लागे. पोटासाठी नोकरी करणाऱ्याला त्यात जागा नव्हती.

आता परत नाशिकला येऊ. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला. डॉ. आंबेडकर मुंबईत, लंडनला गोलमेज परिषदेत, दौऱ्यावर. नाशिकमध्ये रोजचा कारभार सांभाळत होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं दादासाहेबांनी जपून ठेवली आणि ती पुढे छापली गेली. ३ मार्च १९३४ चं पत्र त्यातलं सर्वांत माहितीतलं. सत्याग्रह पुढे न्यायचा की नाही, याबद्दलचं. ही पत्रं राजकीय विचारांसाठी वाचली जातात, ते बरोबरच आहे. पण मी ती आणखी एका नजरेने वाचतो. दूर बसलेला नेता आणि जागेवरचा कार्यकर्ता यांच्यात विश्वासाने काम कसं चालतं, नेता निर्णयामागचं कारण कार्यकर्त्याला कसं समजावतो, याचं ते टिपण आहे. प्रशिक्षण म्हणतात ते हेच. वर्ग नाही, फळा नाही, पण शिकवणं आहे.

आणि त्याचा परिणाम पाहा. गायकवाड १९३७ मध्ये स्वतः मुंबई विधिमंडळात निवडून गेले. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेले, पुढे राज्यसभेत. भूमिहीनांच्या सत्याग्रहांचं नेतृत्व त्यांनी केलं. दुसऱ्याचं काम करता करता माणूस नेता झाला.

याच गोष्टीची दुसरी बाजू दिल्लीत दिसते. बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत, ते राज्यसभेचे सदस्य असताना, त्यांचं टंकलेखन आणि पत्रव्यवहार सांभाळत होते नानकचंद रत्तू. मूळचे पंजाबातल्या होशियारपूरकडचे. दिवसा सरकारी नोकरी करायची आणि संध्याकाळी अलीपूर रोडच्या बंगल्यावर जाऊन रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसायचं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी हस्तलिखिताचं टंकलेखन त्यांच्या हातचं. हे सगळं भक्तीपोटी. भक्तीतून झालेलं हे काम मोठंच आहे. पण अशा कामाची व्यवस्था उभी राहत नाही, कारण भक्ती नेमणूकपत्रावर लिहिता येत नाही.

मग आलं स्वातंत्र्यानंतरचं सरकार, आणि तिसरा प्रकार. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांना लोकसभेत पाठवलं नाशिकने. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध निवडून आले. नाशिककर ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. त्या काळात त्यांचे खासगी सचिव होते राम प्रधान, १९५२ च्या तुकडीचे सनदी अधिकारी. त्या दिवसांवर प्रधानांनी पुढे पुस्तकही लिहिलं. १९७० च्या दशकात यशवंतराव केंद्रात असताना माधव गोडबोले त्यांचे खासगी सचिव होते. गंमत अशी की हे दोघंही पुढे केंद्रीय गृहसचिव झाले. प्रधान राजीव गांधींच्या काळात, गोडबोले १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. एका नेत्याच्या टेबलाशेजारून दोन गृहसचिव निघाले!

पण थांबा, इथे एक फरक नजरेतून सुटतो. प्रधान आणि गोडबोले यशवंतरावांकडे आले तेव्हा ते आधीच शिकलेले होते. स्पर्धा परीक्षा, अकादमी, जिल्ह्यातला अनुभव, सगळं शासनाने दिलेलं. मंत्र्याला ते आयते मिळाले. शिवाय ते देशाच्या मंत्र्याचे सचिव होते, नाशिकच्या खासदाराचे नव्हते. नाशिकच्या खासदाराकडे नाशिकचा शेतकरी जे गाऱ्हाणं घेऊन जातो, ते काम वेगळं. त्याला लागणारं ज्ञान वेगळं. मसुरीच्या अकादमीत ते शिकवत नाहीत.

१९६३ हे साल आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय सुरू झालं. १९८४ मध्ये ते पुण्याला हललं आणि १९९० मध्ये त्याचं नाव झालं 'यशदा', म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. त्याच्या आदल्या वर्षी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्राने दोन गोष्टी एकदम केल्या. खालच्या पातळीपर्यंत निवडून आलेले लोक आणले, आणि सरकारी नोकरांना शिकवायची संस्था काढली. या दोघांच्या मध्ये जो माणूस उभा राहणार होता, त्याचा विचार कुणी केला नाही.

तो माणूस कायद्यात आला तो प्रशिक्षणाच्या दाराने नाही, भत्त्याच्या दाराने. खासदारांच्या पगाराचा कायदा १९५४ चा. त्याखाली कार्यालयीन खर्चाच्या भत्त्याचे नियम १९८८ मध्ये झाले. २०१० मध्ये त्यातले महिना ३०,००० रुपये सहाय्यकासाठी होते, २०१८ मध्ये ते ४०,००० झाले. आणि या सहाय्यकाची पात्रता काय? नियमात एकच अट आहे: एका व्यक्तीला संगणक येत असावा. तो येतो की नाही हे प्रमाणित कोण करणार? स्वतः खासदार!

महाराष्ट्रात आमदाराच्या स्वीय सहाय्यकाला सरकारकडून पैसे मिळतात. २०१६ मध्ये ही रक्कम महिना १५,००० वरून २५,००० झाली आणि २०२० मध्ये ३०,०००. तुलनेसाठी सांगतो. सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. एका टेबलावर बसून फक्त टाइप करणाऱ्याची परीक्षा होते. लाखो लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्याची होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच असं आहे का? अगदी तसं नाही. ब्रिटनमध्ये खासदारांना सचिव ठेवण्यासाठी भत्ता मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं, आणि तोही वर्षाला ५०० पौंड. अमेरिकेने मात्र हा प्रश्न लवकर ओळखला. १९४६ च्या कायद्याने तिथल्या संसदीय समित्यांना स्वतःचे व्यावसायिक कर्मचारी मिळाले. १९५३ पासून राज्यशास्त्र परिषदेची पाठ्यवृत्ती घेऊन अभ्यासक आणि पत्रकार संसदेत काम शिकायला लागले. तिथे विचार असा होता: सरकारकडे शिकलेले लोक आहेत, मग त्याला प्रश्न विचारणाऱ्याकडेही हवेत. नाहीतर प्रश्न विचारणारा कायम कमी पडणार.

आपल्याकडे दरम्यान काम वाढत गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाख, २०११-१२ पासून ५ कोटी. आमदारांचा स्थानिक विकास निधीही वाढत वाढत ५ कोटींवर गेला. म्हणजे पी.ए.च्या टेबलावर आता अंदाजपत्रकं, प्रशासकीय मान्यता, कामांच्या याद्या आल्या. नाशिक महापालिका १९८२ मध्ये झाली, तिची पहिली निवडणूक १९९२ मध्ये. तेव्हापासून नगरसेवकांची कार्यालयं आली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासक राहिला. तेव्हा नळ-गटाराच्या तक्रारी घेऊन लोक कुठे गेले? बहुतेक आमदारांकडे. शिवाय आरोग्य योजनांचे अर्ज, मुख्यमंत्री सहायता निधी, ऑनलाइन दाखले. सेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये आला. कुठली सेवा किती दिवसांत मिळायला हवी, हे त्यात ठरतं. पी.ए.ला हा कायदा नीट माहीत असेल तर निम्मी शिफारसपत्रं लिहावीच लागणार नाहीत. मुदत उलटली, अपील करा, एवढं सांगून भागेल.

विधिमंडळाचं काम आणखी वेगळं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. प्रत्येकाची पद्धत वेगळी, मुदत वेगळी. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. "सुरगाणा तालुक्यातील पाणीटंचाई दूर करणार काय" असं विचारलं की "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं. तेच "अमुक पाड्यांवर टँकर किती तारखेपासून, किती फेऱ्या" असं विचारलं की आकडे द्यावे लागतात. हा फरक माहीत असलेला पी.ए. एका बाजूला आणि नसलेला दुसऱ्या बाजूला ठेवा. पाण्यासाठी थांबलेल्या बाईच्या दृष्टीने तो फरक हंड्याएवढा आहे.

मग शिकवायचे प्रयत्न झालेच नाहीत का? झाले. विधिमंडळाचं स्वतःचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती असलेल्या आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाग्यांच्या नावाचं. १९८२ मध्ये सुरू झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींसोबत त्यांच्या स्वीय सहाय्यकांसाठीही वर्ग घेते. ज्यांचं नाव तिला दिलं ते म्हाळगी १९५७ मध्ये मावळमधून आमदार झाले होते, आणि आपल्या कामाचा अहवाल मतदारांसमोर ठेवण्यासाठी ते ओळखले जात. पुण्यात २००५ मध्ये एमआयटीचं स्कूल ऑफ गव्हर्नमेंट सुरू झालं. त्याच वर्षी दिल्लीत पीआरएस ही संस्था निघाली आणि २०१० पासून तिने तरुण पदवीधरांना एका अधिवेशन-वर्षासाठी खासदारांसोबत काम करायला पाठवणं सुरू केलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप आली.

ही यादी वाचून तुम्हाला वाटेल, बरंच काही आहे की. पण प्रत्येक ठिकाणी शिकतं कोण ते पाहा. कुठे निवडून आलेला माणूस शिकतो. कुठे पुढे निवडून यायची इच्छा असलेला. कुठे चांगल्या कॉलेजातला पदवीधर, जो वर्षभराने दुसरीकडे जाणार असतो, आणि जाताना शिकलेलं सोबत घेऊन जातो. खुद्द पी.ए.साठी जे आहे ते दोन-तीन दिवसांच्या वर्गाएवढं. २०११ मध्ये राज्याचं प्रशिक्षण धोरण आलं, तेही सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. कळवण किंवा येवल्याच्या कार्यालयात पंधरा वर्षं बसलेला, दर उन्हाळ्यात टँकरचे फोन घेणारा माणूस या सगळ्याच्या मधून निसटतो.

याचं एक ताजं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलंच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे जाहीरपणे म्हणाले की आमचे पीएस, ओएसडीसुद्धा मुख्यमंत्रीच ठरवतात. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिलं की आलेल्या १२५ नावांपैकी १०९ मंजूर केली, उरलेल्यांवर आरोप असल्याने ती थांबवली. राज्यभर चर्चा झाली. 'फिक्सर' हा शब्द आठवडाभर गाजला. त्या वादात कोण बरोबर होतं हा माझा विषय नाही. मला त्यात दुसरंच दिसलं. सगळा वाद माणूस कुणी निवडायचा आणि कुणाला गाळायचं यावर झाला. निवडलेल्या माणसाला काय यायला हवं, हे कुणी विचारलंच नाही.

असं का होतं? माझ्या मते कारण साधं आहे. या लेखात आलेला प्रत्येक माणूस कशाने तरी घडला. जोशी मास्तर अभ्यासाने, भारत सेवक समाजाचे लोक व्रताने, गायकवाड चळवळीने, रत्तू भक्तीने, प्रधान-गोडबोले सनदी सेवेने. प्रत्येक वेळी शिक्षण दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या गोष्टीच्या पोटात आलं. त्यामुळे 'लोकप्रतिनिधीचं कार्यालय चालवणं' हे एक स्वतंत्र काम आहे, असं म्हणायची वेळच आली नाही. चळवळी ओसरल्या, व्रतं संपली. मागे उरला फक्त विश्वास. 'आपला माणूस' एवढी एकच पात्रता. आणि कामाचं मापच नसलं की इमाने कागद पुढे सरकवणारा आणि पैसे घेऊन कागद सरकवणारा, दोघांनाही लोक एकाच शब्दाने ओळखतात. यात नुकसान पहिल्याचं होतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. सरकारी पैशाने आमदाराचे लोक शिकवायचे म्हणजे जो निवडून आलाय त्यालाच आणखी बळ द्यायचं, पुढच्या निवडणुकीत विरोधकाचं काय? याचं उत्तर शिकवायचं काय, यात आहे. प्रचार शिकवू नका. बूथ कसा बांधायचा हे पक्ष शिकवतातच. पण जिल्हा परिषदेचा विषय कुठला आणि जिल्हाधिकाऱ्यांचा कुठला, हे शिकवा. अर्जाची नोंद ठेवून दर पंधरवड्याला पाठपुरावा कसा करायचा, हे शिकवा. लोक विश्वासाने आधार कार्ड, आजारपणाचे रिपोर्ट, घरातल्या भांडणांचे कागद आणून देतात. ते व्हॉट्सॲपवर कुठेही फिरवायचे नसतात, हे शिकवा. आणि जे काम नियमात बसत नाही त्याला सरळ, न दुखावता 'नाही' कसं म्हणायचं, हेही शिकवा. यातलं काहीही कुठल्या पक्षाचं नाही. साहेब बदलला तरी हे ज्ञान मतदारसंघातच राहील, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याची चूलही कदाचित निकालाच्या दिवशी विझणार नाही. मुक्त विद्यापीठासारखी घरबसल्या शिकवणारी संस्था ज्या गावात आहे, तिथे हे अशक्य वाटायला नको.

आता तुमच्याकडे एक मागणं. सरकारी फाइल अभिलेखागारात जाते, नेत्याचं चरित्र छापलं जातं, पण पी.ए.ची वही रद्दीत जाते. कुणाचं काय काम होतं, कुणाला फोन केला, काय झालं, असं लिहिलेल्या वह्या. तुमच्या घरात, वाड्यात, एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या पेटीत अशी वही असेल तर विकू नका. त्यातली नावं झाकून ठेवा, पण वही ठेवा. माझ्यासारख्या विद्यार्थ्याला ती प्रबंधासाठी हवी आहे हे खरंच. पण या कामाचं पाठ्यपुस्तक लिहायची वेळ आली तर त्याची पहिली पानं तिथेच सापडतील.